आवाजावर उठणारी

आठ महिन्यांत विशाखाच्या पाठीला एकाही पोरीचा हात लागला नव्हता, आणि हे तिच्या ध्यानात आणून द्यायला तिच्या आजीला चितेगावहून टमटममध्ये बसून यावं लागलं.

खो-खो कुणाला समजावून सांगायला नको. आठ जणी पाटीवर ओळीनं बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. नववी पळणाऱ्या मुलीच्या मागं लागते. नववीला वाटेल तेव्हा तिनं बसलेल्या मुलीच्या पाठीवर तळहात टेकवायचा आणि मोठ्यानं ‘खो’ म्हणायचं. मग ती उठते आणि ही तिच्या जागी बसते. हात आणि आवाज, दोन्ही पाहिजेत. हे चौथीतल्या पोरांनाही पाठ असतं.

पण शहरातल्या मशाल क्रीडा मंडळात विशाखा आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तात्यासाहेबांनी तिला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं. तात्यासाहेब म्हणजे मंडळाचे प्रशिक्षक. गावाकडं बागायत जमीन, शहरात दोन दुकानं, आणि आयुष्यातली तीस वर्षं या मैदानाला दिलेली. मैदानाचं पाणी, चुना, खांब, सगळं त्यांच्या खिशातून. त्यांनीच विशाखाला शाळांच्या स्पर्धेत पळताना पाहिलं आणि मंडळात बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, “बाळा, तू थापेची वाट बघू नको. आवाज आला की उठायचं. अर्धा सेकंद वाचतो. अर्ध्या सेकंदात गडी हातचा जातो.”

विशाखाला वाटलं, ही शहरातल्या खेळाची खुबी असेल. गावच्या शाळेत पोरी पाठीवर अशी थाप घालायच्या, की जेवताना कळ यायची. इथं तसं नव्हतं. इथले सगळे सफाईचे खेळाडू. तिनं ती खुबी अंगात मुरवली. घरी भिंतीकडं तोंड करून बसायची आणि मागं चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या आजीला सांगायची, “आजे, तुला वाटंल तवा खो म्हण.” केसरबाई पिठाच्या हातानं मधेच ओरडायची, “खो!” की विशाखा उडालीच. कधीकधी म्हातारी मुद्दाम “खोबरं” म्हणायची आणि नात अर्धी उठली, की खदाखदा हसायची.

चार महिन्यांत विशाखाचं नाव झालं. नाव म्हणजे तिचं स्वतःचं नाही. संघात तिला सगळ्या ‘चितेगाव’ म्हणत. “ए चितेगाव, चुना टाक.” “चितेगाव, तू तिसऱ्यात बस.” नाव झालं ते एवढंच, की मशालमध्ये एक पोरगी आहे, आवाजावर उठते. दुसऱ्या मंडळांचे लोक बघायला थांबत. पंचही म्हणत, डोळ्याला दिसत नाही इतकी लवकर उठते.

साहित्याच्या खोलीच्या भिंतीवर तात्यासाहेबांनी लाल रंगानं लिहून घेतलं होतं, ‘मैदानावर मान कमवा.’ विशाखा रोज त्या भिंतीशी आपली पिशवी टेकवायची आणि मनात म्हणायची, कमवतेय. सोळा वर्षांची पोर ती. पहाटे उठून, पैठण रोडच्या धुळीत टमटमच्या मागच्या फळीवर लटकत, नंतर स्टेशनपासून चालत ती यायची. बाप राजेंद्र कारखान्यात पॅकिंगला होता. त्यानं एका पगारातून बूट आणले होते. कमवायचं म्हणजे आणखी काय करायचं असतं?

शुक्रवारी उपांत्य सामना होता. केसरबाईनं कँटीनमधल्या पोळ्या लाटायच्या कामावर सुट्टी टाकली आणि नातीचा खेळ बघायला पहिल्यांदाच आली. म्हातारी पन्नाशीनंतर विहारातल्या वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिला दिसेल ते वाचायची सवय लागली होती. टमटममध्ये सारा रस्ता ती पाट्या वाचत आली. “श्री... ग-णे-श... टा-य-र्स. इथं... थुं-कू... नये.” शेजारचा माणूस म्हणाला, “मावशी, मनातल्या मनात वाचा की.” केसरबाई म्हणाली, “मनातल्या मनात पन्नास वर्षं गप बसले व्हते. आता मोठ्यानंच वाचणार.”

मशालनं सामना जिंकला. विशाखानं तीन गडी बाद केले, बचावात साडेतीन मिनिटं पळाली. खेळ संपल्यावर दोघी नळाजवळच्या लिंबाखाली बसल्या. आजीनं फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा.

“कसा वाटला खेळ?” विशाखानं विचारलं. तिला कौतुक ऐकायचं होतं.

“खेळ चांगला हाय,” केसरबाई म्हणाली. “तुझ्या पाठीला काय झालंय?”

“पाठीला?”

“गळूबिळू आलंय का?”

“नाय. का?”

“मग पोरी हात का लावीनात तुला?”

विशाखा हसली. “अगं, मी आवाजावर उठते. हाताची गरजच नाय. तू नाय का घरी खो म्हणत?”

“मी चुलीपाशी असते. माझा हात पोचत नाय.” केसरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. “मी मघापासून बघते. बाकीच्यांच्या पाठीवर हात पडतो. फाट फाट आवाज येतो, इथवर ऐकू येतो. तुझ्या पाठीशी आला की हात थांबतो. इतका.” तिनं आपला तळहात भाकरीच्या वर वीतभर धरला. “तोंडानं खो म्हणतात. तू उठतेस. कुणाला कळत नाय.”

“तुला सगळीकडं त्येच दिसतं, आजे!” विशाखा एकदम भडकली. “शहर हाय हे. तात्यासाहेब तसे नाहीत. कप्तान तशी नाय. काहीतरी जुनं डोक्यात घेऊन येतेस आणि...”

“नको शिकवू मला.” केसरबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “तुझ्या वयाची असताना गावच्या विहिरीवर मी घागर घेऊन बसायचे. गावची माणसं वरून पाणी ओतायची. त्यांचा पोहरा माझ्या घागरीला लागू नये म्हणून हात किती वर धरायचा, ते माप त्यांना पाठ व्हतं. मलाबी पाठ हाय. आज पुन्हा बघितलं. जितकं व्हतं तितकंच हाय.”

विशाखा उठून गेली.  परतीच्या टमटममध्ये केसरबाईनं एकही पाटी वाचली नाही.

घरी गेल्यावर विशाखाला एकेक आठवू लागलं आणि जे आठवलं त्यानं तिची कानशिलं तापली. ती स्वतः जेव्हा खो द्यायची, तेव्हा पूर्ण पंजा टेकवायची. संघातली श्रेया उठायची, बाकीच्या उठायच्या. पण कप्तान राजनंदिनीच्या पाठीला हात लागायच्या आधी तिची पाठ आत जायची. गार पाणी पडल्यासारखी. विशाखाला वाटायचं, तिची उठायची पद्धत असेल. पद्धतच होती ती. फक्त उठायची नव्हती. आणि या मूर्ख पोरीनं आठ महिने त्यांची अडचण सोडवली होती! ती इतक्या लवकर उठायची, की न लागलेला हात पंचाला दिसायचा नाही. तिच्या चपळाईवर त्यांचा विटाळ झाकला जात होता. ती घाम गाळत होती तो यासाठी.

शनिवारी सराव होता. विशाखा तिसऱ्या चौकोनात बसली. मागून राजनंदिनी आली.

“खो!”

विशाखा बसून राहिली.

“ए चितेगाव, खो दिला ना!”

“हात नाय लागला, ताई.”

“अरे यार, झोपली काय? खो!”

“हात लावा.”

ओळीतल्या पोरी माना वळवून बघू लागल्या. राजनंदिनी अठरा वर्षांची, उंच, देखणी. दोन वर्षं जिल्ह्याच्या संघात खेळलेली. तिला असं कुणी कधी बोललं नव्हतं. ती हसली. “घामानं शर्ट चिकटलाय तुझा. किळस येते मला, त्यात काय एवढं?”

“श्रेयाचा शर्ट पिळला तर बादली भरंल,” विशाखा म्हणाली. “तिला आत्ता थाप घातली तुम्ही.”

“तिचा विषय नको काढूस.”

“का? तिचा घाम येगळा हाय?”

श्रेया मान खाली घालून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. तिचीही पाठ अजून ओली होती आणि त्यावर राजनंदिनीच्या पाच बोटांचा मातीचा ठसा उमटलेला होता. विशाखा त्या ठशाकडं बघत राहिली. एवढ्या साध्या गोष्टीचा हेवा वाटावा, याचाच तिला संताप आला.

तात्यासाहेबांनी शिट्टी वाजवली आणि तिला साहित्याच्या खोलीत नेलं. पंखा लावला, बसायला स्टूल दिलं. माणूस वाईट नव्हता. ते स्वतःलाही वाईट समजत नव्हते, म्हणूनच राग जास्त येत होता.

“कुणी भरवलं तुझ्या डोक्यात?”

“कुणी नाय, सर. माझीच पाठ हाय. मला कळतं.”

“संघात जात नसते, बाळा. मी कधी बघितली का? तुला मीच आणलं ना?”

“व्हय, सर. आणि आवाजावर उठायलाबी तुम्हीच शिकवलं.”

तात्यासाहेबांनी चष्मा काढला, पुसला.  “काही पोरींच्या घरचं वळण जुनं आहे. एकदम नाही बदलत. मी म्हटलं, दोघींचं भागेल असा मार्ग काढू. तुझंही नुकसान नाही, त्यांचंही नाही. उलट तू सगळ्यांत चपळ झालीस.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 

“सर, मान कमवायचा म्हणता ना तुम्ही. भिंतीवर लिहिलंय.”

“हो.”

“आठ महिने कमावला मी. कुणाकडं जमा झाला?”

“उद्या अंतिम सामना आहे,” तात्यासाहेब म्हणाले. “उद्याच्या दिवस खेळून घे. नंतर बघू आपण. तुझ्यासारखी पळणारी दुसरी नाही माझ्याकडं.”

“मला बसवणार असाल तर खो हात लावून द्यायचा. मी आवाजावर उठणार नाय.”

“बरं बरं,” ते म्हणाले. मोठी माणसं ‘बरं बरं’ म्हणतात, तेव्हा ऐकलं असा त्याचा अर्थ नसतो.

रविवारी मैदान भरलं होतं. समोर फुलंब्रीचा संघ, शेतातून थेट मैदानात आल्यासारख्या काटक पोरी. केसरबाई दोरीपाशी पहिल्या रांगेत बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. सामना सुरू व्हायच्या आधी राजनंदिनी विशाखाजवळ आली. इतक्या जवळ ती कधीच येत नसे.

“हे बघ, आज ते नाटक नको. टीमचा विचार कर. सगळ्यांची वर्षाची मेहनत आहे.”

“माझी पण हाय.”

“मग उठायचं. सिंपल.”

 टीम! आठ जणींची टीम आणि नववी चितेगाव. तरी खरं सांगायचं, तर तिचं मन डळमळलं. चषक तिलाही हवा होता. रात्रीपासून ती स्वतःशी भांडत होती. आजचा दिवस उठावं का? नऊ मिनिटांचा तर प्रश्न. पण आजीच्या भाकरीवरचा तो वीतभर वर धरलेला हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

बचावात ती चार मिनिटं पळाली. तिथं कुणाच्या हाताची गरज नव्हती. फुलंब्रीच्या पोरी तिला शिवायला जीव तोडून धावत होत्या, हे तिच्या मनात आलं आणि ती पळता पळता एकटीच हसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग शेवटचा डाव आला. मशालचं आक्रमण, नऊ मिनिटं. सात जणी बाद केल्या तर बरोबरी आणि जादा डाव. सातच्या खाली राहिलं तर हार.

तिसऱ्या मिनिटाला मागून आवाज आला, “खो!” सवयीनं विशाखाच्या पोटऱ्या ताठ झाल्या. सगळं अंग उठायला निघालं. तिनं दोन्ही तळहात मातीत रोवले आणि स्वतःला खाली दाबून धरलं. स्वतःच्याच अंगाशी एवढी झोंबी तिनं कधी केली नव्हती.

“खो! उठ ना!” ती श्रेया होती. आवाज रडवेला झाला होता.

“हात लाव, श्रेया.”

पंचबाईंची शिट्टी वाजली. “फाऊल. स्पर्श नाही.” श्रेयाला उलट्या दिशेला वळावं लागलं. गर्दीतून शिव्या आल्या. “ती तिसरी पोरगी झोपलीय का रे?” “बाहेर काढा तिला!” विशाखाच्या कानांत ते शिशासारखं पडलं. पंचबाई आता मात्र तिच्या चौकोनापाशी नीट लक्ष ठेवू लागल्या. आजवर झाकलेलं उघडं पडलं होतं, कारण झाकणारीच बसून राहिली होती.

मिनिटभरानं श्रेया पुन्हा फिरून आली. या वेळी विशाखाला मागं धापा ऐकू आल्या, आणि मग खांद्याच्या पात्यांच्या मधोमध एक ओला, गरम पंजा टेकला.

“खो!”

विशाखा अशी उठली, की मातीचं ढेकूळ मागं उडालं. फुलंब्रीची पोरगी खांबाकडं निघाली होती. विशाखानं सूर मारला आणि हवेतच तिला शिवलं. छातीवर पडली, हनुवटी फुटली. लोक उभे राहिले. ती उठली, तोंडातली माती थुंकली आणि पुढच्या खोला धावली. पाठीवरचा तो पंजा अजून गरम होता. आपण आठ महिने काय खेळत होतो, ते तिला त्या क्षणी कळलं. अर्धा खेळ तर आपल्याला दिलाच नव्हता!

सहा बाद झाल्या. शेवटचं मिनिट. मैदानात फुलंब्रीची मोनिका उरली होती, बुटकी आणि लई चिवट. विशाखा पुन्हा चौकोनात बसलेली, आणि मोनिका पळत पळत नेमकी तिच्या समोर आली. हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. मागून राजनंदिनी झेपावत आली.

“खो!”

 मोनिका क्षणभर गोठली. विशाखाच्या पाठीवर काही पडलं नाही. फक्त शर्टाच्या मागं हवा हलल्यासारखं वाटलं.

ती उठली नाही.

“उठ! उठ!” राजनंदिनी किंचाळली. हात अजून तसाच अधांतरी. “समोर आहे ती, दिसत नाही का? उठ!”

“हात लाव, राजनंदिनी,” विशाखा म्हणाली. ‘ताई’ म्हणाली नाही. मागं न बघता म्हणाली.

शिट्टी. “फाऊल. स्पर्श नाही.”

मोनिका निसटली. राजनंदिनीनं उलटी फेरी घेतली, खांबाला वळसा घातला, पुन्हा तिकडून आली, पण तोवर लांब शिट्टी झाली होती. वेळ संपली. मशाल एका गुणानं हरलं.

त्यानंतर जे झालं, त्याचा ओरडा रस्त्यापर्यंत गेला. राजनंदिनी मातीत बसून रडत होती. पोरी विशाखाभोवती जमल्या. “तुझ्यामुळं!” “मुद्दाम केलं हिनं!” तात्यासाहेब लाल झालेले. “एक गुण! तू उठली असतीस, तर आपण अजून खेळत असतो!”

“तिनं हात लावला असता, तर हरलो नसतो!” विशाखा ओरडली. हनुवटीवरून रक्त गळ्यावर आलं होतं. “सर, तिला विचारा ना! मला काय विचारता? हरायचं चाललं, पण मला शिवायचं चाललं नाय तिला!”

आणि इथं तात्यासाहेबांच्या हातून चूक झाली. रागाच्या भरात ते पंचबाईंच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, “माझी हरकत आहे. शेवटचा खो बरोबर होता. हात लागला होता.”

“नव्हता लागला,” पंचबाई म्हणाल्या.

“लागला नव्हता, काका,” मागून मोनिका म्हणाली. ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभी होती. “मी तिच्या तोंडासमोर व्हते. मला दिसलं.”

“मला लेखी पाहिजे!” तात्यासाहेब म्हणाले. तीस वर्षांच्या मानानं ते बोलत होते. त्यांना वाटलं, लेखी म्हटल्यावर बाई कचरतील.

“लेखी देते,” पंचबाई म्हणाल्या. त्यांनी गुणपत्रक पुढं ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. खाली सही केली, कागद टेबलावर ठेवला.

तो उचलायला तात्यासाहेबांचा हात पुढं आला, पण त्याआधी केसरबाईचा पडला. ती दोरीखालून कधी आत आली, कुणाला कळलं नाही.

“मावशी, तो कागद तुमचा नाही,” कुणीतरी म्हणालं.

“वाचून देते,” केसरबाई म्हणाली. तिनं कागद उन्हाकडं धरला, अक्षरांखाली बोट ठेवलं आणि टायरच्या दुकानाची पाटी वाचावी तसं मोठ्यानं वाचू लागली.

“म-शा-ल... संघा-च्या... खे-ळा-डू... राज-नं-दि-नी... यांनी...” ती थांबली. पुढचं अक्षर जोडाक्षर होतं. कुणी मदत केली नाही, कुणी हललंही नाही. बोट तिथंच राहिलं. “स्प... स्प-र्श. स्पर्श... न... करता... खो... दिला. श्रे-या... यांनीही... ए-क-दा. स्पर्श... न... करता.”

तिनं कागद खाली ठेवला, हातानं सरळ केला. “बरं झालं, लिवलं,” ती तात्यासाहेबांना म्हणाली. “आमच्या येळंला कुणी लिवत नव्हतं.”

एवढं बोलून ती नातीकडं गेली आणि पदराच्या टोकानं तिची हनुवटी पुसू लागली. “चल. भाकरी खायची हाय.”

श्रेया लांब उभी होती. ती एक पाऊल पुढं आली आणि तिथंच थांबली.

मंगळवारी सराव होता. राजेंद्र म्हणाला, “आता कशाला जातेस? घेतील व्हय तुला?” विशाखा म्हणाली, “मला काढायचं असंल, तर कागदावर लिहून द्यावं लागंल त्यांना. काय म्हणून काढलं ते.”  बाप टमटमपर्यंत सोडायला आला.

मैदानावर ती पोचली, तेव्हा सगळ्या होत्या. कुणी ‘चितेगाव’ म्हटलं नाही.  तात्यासाहेबांचं तोंड दोन दिवसांत उतरलं होतं. तो शेरा साऱ्या जिल्ह्याच्या मंडळांत तोंडोतोंडी गेला होता. पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा होती आणि आता प्रत्येक पंच मशालच्या पोरींचे हात बघणार होता. त्यांनी ओळ लावली आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, “खो हात लावून द्यायचा. सगळ्यांना. ज्यांना जमणार नाही, त्यांनी बाहेर बसा.”

बस, एवढंच. माफी नाही. विशाखानं अपेक्षाही केली नव्हती. ती तिसऱ्या चौकोनात जाऊन बसली.

पहिली श्रेया आली. थाप पडली. विशाखा उठली. मग दुसरी आली, मग तिसरी. कुणी पंजा टेकवला, कुणी बोटंच टेकवली. बोटं टेकली की विशाखा बसून राहायची, पंजा टेकला की उठायची. पोरी शिकल्या. पंधरा मिनिटांत शिकल्या. आठ महिने न जमलेली गोष्ट पंधरा मिनिटांत जमली. याचा विशाखाला आनंद झाला नाही, उलट दात आवळले गेले.

शेवटी राजनंदिनी. मागं बुटांचा आवाज आला आणि थांबला. विशाखाला तिचा श्वास ऐकू येत होता. तात्यासाहेबांनी शिट्टी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. विशाखा समोरच्या खांबाकडं बघत बसली. तिला घाई नव्हती.

हात पडला. थाप नव्हे, तो रपाटा होता, सगळ्या रागानं घातलेला. पाठ चुरचुरली.

“खो.”

विशाखा उठली. तिनं मागं बघितलं नाही, आभार मानले नाहीत. आभार कशाचे? नियमात होतं ते. राजनंदिनी तिच्या चौकोनात बसली. विशाखा धावली, खांबाला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं परत आली. समोर राजनंदिनीची पाठ होती. विशाखानं हात लांबवला.

पाठ या वेळीही आत गेली. विशाखाचा हात तिच्या मागं गेला, आणि पूर्ण पंजा टेकल्यावरच ती म्हणाली, “खो.”